आमी सगळ्या मिळून एक

हायवेच्या कडेला फोमच्या गाद्यांची दुकानं झाली आणि आमच्या घरातलं दूध बंद झालं. चहा कोरा झाला. नंतर चहासुद्धा पाहुणा आला तरच व्हायला लागला, आणि पाहुणा आला की आम्ही भावंडं मनापासून खूश व्हायचो, मग तो पाहुणा कितीही कंटाळवाणा असो.

माझे अब्बा पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून उंब्रजच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्या फिरायचे. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. त्याची तात छेडली की टणटण आवाज गल्लीभर जायचा. ज्या घरातून हाक येईल त्याच्या अंगणात बसायचं, जुनी गादी उसवायची, गठ्ठे झालेला कापूस पिंजून हलका करायचा आणि परत भरून शिवून द्यायचा. दिवाळीआधी आणि लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसायची. फोम आल्यावर ते दिवसभर टणटण करत फिरायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. अम्मी लोकांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायची. त्या वाकळांच्या चिंध्यांतून माझे परकर निघायचे, त्यामुळं माझ्याएवढे रंगीत कपडे शाळेत दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

घरात कापूस मात्र कायम. केसांत, भुवयांवर, डाळीत. शाळेत मी वर्गात पाऊल टाकलं की मुली वेणीतून कापसाचे तंतू ओढून फुंकायच्या आणि ओरडायच्या, "म्हातारी उडाली गं!" सावरीचं बी हवेत तरंगतं ना, त्याला आमच्याकडं म्हातारी म्हणतात. सातवीपर्यंत माझं नाव तेच होतं. मला राग यायचा, पण गणितात पहिली म्हातारीच यायची, त्यामुळं परीक्षेच्या वेळी सगळ्या गोड बोलायच्या.

सुट्टीत मी अब्बांबरोबर जायचे. तिथं त्यांची एक पद्धत होती. गादी उसवायच्या आधी ते घरातल्या बाईला हाक मारायचे, "वहिनी, परात घेऊन बसा हितं." मग टाके तोडताना त्यांचं तोंड दुसरीकडं. लोक गादीत काय काय लपवतात! नाणी, नोटा, कानातलं, कुणाचा फोटो, एकदा तर एक घडी घातलेली चिठ्ठी. जे हाताला लागेल ते न बघता परातीत जायचं आणि परात बाईच्या पुढ्यात. पुढच्या घरी हमखास विचारणा व्हायची.

"आवं, वरच्या आळीतली गादी उसवलीसा न्हवं? काय घावलं?"

"कापूस."

"कापूस तर असतोयच. आनि?"

"आनि लय कापूस."

मी घरी येताना विचारलं, "अब्बा, ती चिठ्ठी कुणाची हुती?" तर म्हणाले, "कापसाची." आमच्या घरात अर्धी बोली दख्खनी, अर्धी उंब्रजची, इथं वाचायला सोपं जावं म्हणून उंब्रजचीच लिहिते आहे. पण 'कापूस' दोन्हींत तसाच.

बारावीनंतर कराडला इंजिनिअरिंगला नंबर लागला. आमच्या घरात, अब्बांच्या आणि अम्मीच्या दोन्ही बाजूंनी, कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. हे मी सांगते ते मिरवायला म्हणूनच सांगते. अम्मी तर एसटीच्या कंडक्टरला तिकीट काढताना सांगायची, "दोन कराड. एक माजं, एक इंजिनेरचं." कंडक्टर म्हणायचा, "इंजिनेरला बी पूर्णच लागतंय मावशी."

पदवीनंतर पुण्यात नोकरी केली आणि मग वर्गातल्या एका मित्राबरोबर कराडात टायरच्या दुकानावरच्या खोलीत आमचं स्वतःचं काम सुरू केलं. त्याचं घर उसाचं, थोरला भाऊ फौजेत, आणि हा घरातला पहिलाच माणूस ज्याला ना ऊस कळत होता ना कवायत. मंगल कार्यालयं, पतसंस्था, रोपवाटिका, सगळ्यांच्या वेबसाइट आम्ही करायचो.

सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला तो या काळात. त्या एका छोट्या संस्थेच्या दवाखान्यात होत्या. त्यांनी मराठीत एक वेबसाइट चालवली होती. ज्या दुखण्यांबद्दल माणूस दवाखान्यात येऊनही तोंड उघडत नाही अशी दुखणी त्यात साध्या भाषेत लिहिलेली होती. पाळीचे त्रास, मूल न होणं, अंगावरून जाणं, मूळव्याध, गुप्तरोग. मी सांगलीला गेले तर बाईंनी चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"लोकांना न ओळखता लोक मोजता येतात का?"

मी म्हटलं, "येत असणार. पण झालं काय?"

झालं होतं असं. माधवनगरकडच्या एका सुनेनं घरातल्या सामायिक मोबाइलवर मूल न होण्याविषयीचं पान वाचलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मोबाइलवर टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यांच्या जाहिराती सुरू. सासूनं जाहिरात बघितली आणि सुनेला समोर बसवलं. ती पोरगी बाईंकडं येऊन म्हणाली, "मॅडम, मी कुणाला काही बोलले नव्हते. तुमच्या पानानंच चुगली केली."

"पान चुगली करत नव्हतं," बाई मला म्हणाल्या. "त्या पानावर किती लोक येतात ते मोजायला आम्ही एक फुकटचं यंत्र बसवलं होतं. ते चुगली करत होतं. मी त्याच दिवशी काढून टाकलं. आता आकडा नाही, आणि संस्थेचे लोक म्हणतात, कुणी वाचतच नसेल तर वेबसाइट कशाला चालवायची? वार्षिक सभेत बंद करायचा ठराव येणार आहे."

म्हणजे प्रश्न सरळ होता. सभेच्या आत विश्वास बसेल असा आकडा दाखवायचा, नाहीतर पानं बंद. आणि आकडा मिळवताना कुणाची चुगली होता कामा नये.

फुकटची यंत्रं काय करतात, तर पान उघडणाऱ्याच्या मोबाइलवर गुपचूप एक खूण ठेवतात. ती खूण घेऊन माणूस दुसऱ्या वेबसाइटवर गेला की तिथंही तो ओळखू येतो, आणि अशी एकेक ठिकाणं जोडत त्याचं सगळं चरित्र तयार होतं. आम्ही ठरवलं, खूण नाही. आमचं यंत्र आम्हीच बांधायचं, आमच्याच सर्व्हरवर, आणि माहिती बाहेर कुणाकडंही जाणार नाही.

पानात चार ओळींचा एक छोटा तुकडा बसवला. पान उघडलं की तो फक्त एक निरोप पाठवायचा: अमुक पान उघडलं. हा निरोप लगेच कुठं नोंदवत बसायचा नाही, नाहीतर वाचणाऱ्याचं पान अडकून राहील. म्हणून एक रांग केली. गिरणीत बायका दळणाचे डबे रांगेत ठेवून घरी जातात ना, तसा निरोप रांगेत ठेवला की पान मोकळं. मागं एक प्रोग्राम सावकाश एकेक डबा उचलणार, त्याची बेरजेत भर टाकणार आणि डबा तिथंच फोडून टाकणार. शिल्लक राहणार ती फक्त बेरीज.

अडचण एवढीच होती की एकाच बाईनं पान दोनदा उघडलं तर ती दोन बायका धरली जायची. त्यासाठी आम्ही मोबाइलचा इंटरनेटवरचा पत्ता आणि मोबाइलचा प्रकार, हे दोन्ही एकत्र दळायचं ठरवलं. असं पीठ, की ज्यावरून दाणा ओळखता येऊ नये. तेच पीठ त्या दिवशी परत आलं तर परत मोजायचं नाही. पण हुशार माणूस एकेक पत्ता स्वतः दळून बघेल आणि ताडून घेईल. म्हणून त्यात एक गुप्त आकडा मिसळायचा. या आकड्याला इंग्रजीत सॉल्ट म्हणतात, म्हणून आम्ही मीठच म्हणायचो. हे मीठ रोज नवं. जुनं फेकून द्यायचं, कुठंही साठवायचं नाही. म्हणजे कालची बाई आणि आजची बाई एकच का, हे आम्हालाही सांगता येणार नाही.

एका रविवारी मी उंब्रजला घरी होते. अम्मी भाकरी थापत होती आणि मी फोनवर मित्राशी बोलत होते. "कालचं मीठ टाकलंस ना? नक्की? कुठं ठेवू नकोस. कुणाच्या हाताला लागता कामा नये. नवं मीठ आपोआप पडतंय का बघ."

फोन ठेवला तर अम्मीची भाकरी तव्यावर करपायला आलेली.

"तुमच्या हापिसाला कुनाची नजर लागली गं?"

"नजर? नाही लागली."

"मंग रोज मीठ टाकताय ते?"

आमच्याकडं नजर काढताना मीठ-मिरच्या ओवाळून टाकतात, आणि टाकलेल्या मिठाला कुणी हात लावत नाही. मी हसायला लागले. मग तिला समजावलं, की नजर आम्हाला नाही, पान वाचणाऱ्यांना लागते. कोण काय वाचतंय यावर नजर ठेवणारी यंत्रं असतात. तशी नजर आमच्याकडून कुणावर पडू नये म्हणून हे मीठ.

"मंग मी काय म्हनतीया?" अम्मी म्हणाली. "त्येच की. नजरंसाठनंच हाय. मिरच्या बी टाका, नुसत्या मिठानं भागत न्हाई."

सोमवारी माझ्या डब्यासोबत कागदाच्या पुडीत खडेमीठ आणि सुक्या मिरच्या आल्या. मित्रानं पुडी उघडून नीट बघितली आणि विचारलं, "मिरच्या कुठल्या ओळीत टाकू?"

यंत्र चालू झालं. पहिल्या काही आठवड्यांचा आकडा घेऊन मी सांगलीला गेले. संस्थेचे अध्यक्ष त्या दिवशी दवाखान्यात आले होते. हळदीचे जुने व्यापारी, सगळे त्यांना काका म्हणत. माणूस मोठ्या आवाजाचा पण दुष्ट नाही. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन माझ्या लॅपटॉपवरचा आकडा वाचला.

"एवढी माणसं तर आमच्याकडं रविवारच्या मटणाला असतात," ते म्हणाले. "पोरी, यंत्र चांगलं आहे. पण ते तुझ्याविरुद्धच साक्ष देतंय."

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "लोक वाचतात. बाहेर बाकावर बसून वाचतात, मी रोज बघते. पण सभेत 'मी बघते' एवढं चालणार नाही." त्या रागावल्या नव्हत्या. त्याचंच मला जास्त लागलं.

आम्ही सगळा कोड परत तपासला. रांगेत डबे पोचत होते, एकही सांडत नव्हता. दळण बरोबर होतं. मित्र म्हणाला, "यंत्र बरोबर आहे आणि उत्तर चूक आहे. आपल्या परीक्षेसारखं झालं."

उत्तर सापडलं ते आमच्याच अंगणात. दुपारी गल्लीतल्या बायका अम्मीकडं वाकळ घालायला जमल्या होत्या. चारी कडांना बायका, मध्ये वाकळ, आणि प्रत्येकीचा मोबाइल मांडीशेजारी. मी बघतच राहिले. सगळे मोबाइल सारखे. काळी पाठ, तीच कंपनी, तेच मॉडेल. स्टँडजवळच्या दुकानानं सणाला योजना काढली होती, मोबाइलबरोबर सिम फुकट, आणि एकीनं घेतला म्हणून सगळ्यांनी घेतला होता.

मी म्हटलं, "माझं एक काम करा. सगळ्यांनी मी सांगते ते पान उघडा."

"कसलं पान हाय?" शेजारच्या मामींनी विचारलं.

"कंबरदुखीचं."

"मंग उघडते. ती तर हायच."

सगळ्यांनी उघडलं. मी लॅपटॉपवर बघितलं. नव्यानं आलेल्या व्यक्ती: एक.

सिमची कंपनी एकाच भागातल्या ढीगभर मोबाइलना बाहेर एकच पत्ता देते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पत्ता एक, मोबाइलचा प्रकार एक, मीठ एक. दळल्यावर पीठही एकच निघणार. अख्ख्या गल्लीची आमच्या यंत्रानं एक बाई केली होती. आमच्या भागात सगळे एकमेकांचं बघून एकच वस्तू घेतात, आणि हे मला, उंब्रजच्या पोरीला, लक्षात आलं नव्हतं.

मी ते सांगितलं तेव्हा क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मामी म्हणाल्या, "म्हंजे आमी सगळ्या मिळून एक?"

"व्हय."

"आगं, मी एकटीच दोघींएवढी हाय!"

हसून हसून वाकळीचे टाके वाकडे गेले. अम्मी मात्र गंभीर. "आमी एवढ्या जनी बसलोय आनि तुजं यंत्र म्हनतंय एकच बाई? डोळं तपास त्याचं."

"डोळे नाहीत म्हणूनच तर, अम्मी."

कराडला आल्यावर मित्र म्हणाला, "सोपं आहे. मोबाइलवर एक छोटीशी खूण ठेवू. आपली खूण, बाहेर कुठं जाणार नाही. माणसं अचूक मोजता येतील." खरं होतं त्याचं. पण खूण ठेवली की ती घरातल्या मोबाइलवर राहणार, आणि मोबाइल घरात सगळ्यांच्या हातात फिरणार. शिवाय त्याच अंगणात एरवी मी उलटंही बघितलं होतं. एक मोबाइल चौघी वाचत होत्या, आणि एकीला अक्षर येत नव्हतं तर दुसरी मोठ्यानं वाचून दाखवत होती. खूण ठेवून त्या चौघींची परत एकच बाई होणार होती. मोबाइल मोजून माणूस मिळत नाही, निदान आमच्याकडं तरी नाही.

आमचा वाद झाला. टायरवाल्यानं खालून ओरडून विचारलं, "भांडताय का काम करताय?" मित्रानं उत्तर दिलं, "दोन्ही!" आणि त्या गडबडीत मी म्हटलं, "माणसं मोजायचीच कशाला? सभेनं विचारलंय पानं वाचली जातात का. मग वाचन मोजू."

त्यानं नवी फाइल उघडली. त्यानं नवी फाइल उघडली म्हणजे पटलं असं मी धरते.

मग आम्ही यंत्र उलगडून परत बांधलं. पान उघडलं, एक निरोप. वाचणारा शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश पोचला, दुसरा निरोप: वाचन पुरं झालं. बस्स. इंटरनेटचा पत्ता दारातच टाकून द्यायचा, मोबाइलचा प्रकार विचारायचाच नाही. वेळसुद्धा तासाची नाही, फक्त दिवसाची, कारण एखाद्या तासात एकच वाचन झालं आणि त्या तासाला बाकावर एकच बाई बसली असेल तर ती ओळखू येईल. दळण राहिलं नाही, तर मिठाचंही काम राहिलं नाही. एवढ्या मेहनतीनं लिहिलेला तो सगळा भाग मित्रानं एका दुपारी पुसून टाकला आणि यंत्र पहिल्यापेक्षा निम्मं झालं. निम्मं यंत्र म्हणजे बिघडायच्या जागाही निम्म्या.

अम्मीला हे पटलं नाही. "मीठ बंद केलं? मंग नजर?"

"नजर टाकायला आता आत काही उरलंच नाही."

"तरी मिरच्या ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. त्या अजून ऑफिसच्या दाराला आहेत.

अंगणात परत चाचणी घेतली. यावेळी प्रत्येक वाचन वेगळं आलं. मामींनी मध्येच मोबाइल ठेवून चहा घेतला तर त्यांचं पान 'उघडलं, पण पुरं वाचलं नाही' या बेरजेत गेलं. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या, "लय बारीक अक्षर हाय." बाईंनी दुसऱ्याच दिवशी अक्षर मोठं केलं.

वार्षिक सभा सांगलीत दवाखान्याच्याच वरच्या हॉलमध्ये होती. हळदीचे, बेदाण्याचे व्यापारी, दोन निवृत्त शिक्षक, बाई आणि मी. मी भिंतीवर आकडे लावले. यावेळी रविवारच्या मटणाची बरोबरी करायला काकांना अख्खं गाव जेवायला बोलवावं लागलं असतं. पण मी आधीच सांगून टाकलं, "हा आकडा माणसांचा नाही, वाचनांचा आहे. एका मोबाइलवर चौघींनी वाचलं तर एक धरलंय, आणि एकीनं चारदा वाचलं तर चार."

एक शिक्षक म्हणाले, "मग एकच बाई रोज वाचत असेल!"

बाई म्हणाल्या, "सर, जिला रोज वाचावं लागतंय तिच्यासाठी तर हे पान नक्कीच चालू ठेवायला हवं."

काका पुढं सरकून यादी बघत होते. सगळ्यात जास्त आणि शेवटपर्यंत वाचलं जाणारं पान मूळव्याधीचं होतं.

"हे," त्यांनी बोट न दाखवता, हनुवटीनंच दाखवत विचारलं, "हे कोण वाचतं, कळतं का?"

"नाही, काका."

"गाव तरी?"

"नाही."

"समजा, समजा हं, सांगलीतल्याच कुणी चांगल्या घरातल्या माणसानं वाचलं. तुमच्या ऑफिसात बसून कळेल?"

"आम्हाला कळणार नाही. तुम्हाला कळणार नाही. कुणी आमचा सर्व्हर उचलून नेला तरी त्याला कळणार नाही. आत फक्त बेरजा आहेत."

"नक्की?"

"नक्की. मीच बांधलंय."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं अतिशय सरळ होती. बेदाणेवाले खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"बंद करायचा ठराव मी मागे घेतो," काका म्हणाले. "वाचतात लोक. उपयोगी आहे. त्या पानावर पथ्याचं थोडं अजून लिहा मात्र. तिखटाचं नीट कळत नाही."

वेबसाइट चालू राहिली. आता तिच्यावर आणखी बरीच दुखणी आहेत, आणि आमचं यंत्र सांगली-साताऱ्यातल्या दुसऱ्या दवाखान्यांसाठी आणि ग्रंथालयांसाठीही चालतं. कोण काय वाचतं हे त्याला माहीत नाही, आणि किती वाचलं जातं हे ते बरोबर सांगतं.